साडूंचं चिनी तिकीट

माझे साडू घनसावंगीला बी-बियाण्याचं दुकान चालवतात. लॉट नंबर पाहिल्याशिवाय कपाशीचं पाकीट हातात न घेणारा हा माणूस. मागच्या वर्षी त्यांनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि जुन्या चिनी पोस्टाच्या तिकिटाला लाखो रुपये मिळतात, यावर डोळे झाकून विश्वास ठेवला. आठवड्याभरात कुणाकडून तरी एक तिकीट विकत घेऊन ते जालन्याला माझ्याकडे आले. मी शाळेत असल्यापासून तिकिटं जमवतो. माझ्या या नादाला ते लग्नापासून 'कागदाचे कपटे' म्हणत आले होते.

खिशातून त्यांनी तिकीट काढलं. ते लॅमिनेट केलेलं होतं.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"खराब होऊ नये म्हणून. झेरॉक्सवाल्यानं जल्दी करून दिलं."

तिकिटाची मागची बाजू बघायची असते, कागद उजेडाला धरायचा असतो, कडेचे दाते मोजायचे असतात. प्लास्टिकमध्ये गेलेल्या तिकिटाला, ते अस्सल असलं तरी, कुणी हात लावत नाही. हे मी सांगितलं. त्यांनी चहाचा घोट घेतला.

मी भिंग लावलं. चिनी मला येत नाही, पण तिकडच्या जुन्या तिकिटांवरची पोस्टाच्या नावाची सहा अक्षरं मी चित्रासारखी पाठ केली आहेत. ती होती. मधे टक्कल पडत आलेल्या माणसाचा चेहरा आणि आकडा पाच हजारांचा.

"चीनचा बादशहा हाय," साडू म्हणाले. "पाच हजार डॉलर तर वरच छापलेत."

"बादशहा न्हाई, पुढारी हाय. त्या काळात तिकडं महागाई इतकी भडकली होती, की साध्या पत्राला हजारांची तिकिटं लागायची. म्हणून ढिगानं छापली. आज वीस-तीस रुपयांना मिळतं."

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. मग मी अल्बम काढला आणि हीच चार तिकिटं माझ्याकडे आहेत, हे दाखवलं.

"म्हणजे तुम्ही लखपती हायत की," ते हळूच म्हणाले. "कधी बोलला न्हाईत."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिथून उठून ते स्टेशनजवळच्या एका लॉजवर गेले. तिथं जुन्या वस्तूंची किंमत करून देणारा एक जाणकार खोली घेऊन बसला होता. त्यानं फी घेतली, तिकीट प्लास्टिकवरूनच पाहिलं आणि दोन लाखांचं प्रमाणपत्र लिहून दिलं. त्यावर सोनेरी गोल शिक्का होता. प्रमाणपत्राचा फोटो रात्रीपर्यंत सगळ्या नातेवाइकांकडे पोचला.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. जाणकाराकडं गिऱ्हाईक आहे, पण त्याला जोडी पाहिजे. तुमच्यातलं एक देता का, काय ते सांगा.

मी चारही तिकिटं पाकिटात घालून घनसावंगीच्या बसवाल्याकडे दिली, फुकट. चार तिकिटं शेजारी शेजारी ठेवली की हा ढिगानं मिळणारा माल आहे हे साडूंना आपोआप कळेल, असं मला वाटलं. खरं म्हणजे त्यांची फजिती व्हावी, एवढाच माझा हेतू होता.

साडूंनी ती जाणकाराला दाखवली. त्यानं पुन्हा फी घेतली आणि सांगितलं, की ही चारही नकली आहेत. अस्सल फक्त प्लास्टिकमधलं.

नंतर मेहुणीनं माझ्या बायकोला फोन करून ऐकवलं, "भाऊजींनी खोटा माल देऊन आमचं गिऱ्हाईक घालवलं. फुकट दिली तेव्हाच यांना शंका आल्ती."

माझी तिकिटं परत आली नाहीत. त्यातलं एक मी सातवीत असताना सहा भारतीय तिकिटं देऊन बदलून घेतलं होतं. बायकोनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "आपली नकली होती का हो?"

साडूंच्या दुकानात गल्ल्यामागं ते प्रमाणपत्र आता काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे, आणि बियाणं घ्यायला आलेले लोक ते वाचून मान डोलावतात.