पिवळ्यावर गुलाबी

आमच्या चौकात रस्त्याखाली हौद होता. वर्षभर तो कुणाला दिसायचा नाही. त्यावर जाड फळ्या, फळ्यांवर माती, आणि मातीवरून टांगे, सायकली, भाजीच्या हातगाड्या आणि आम्ही शाळेच्या पोरी. नव्या माणसाला सांगितलं तर त्याला थाप वाटायची. मी मात्र तिथून जाताना पावलं हलकी टाकायचे. खाली कुणीतरी झोपलंय आणि माझ्या चपलांनी ते उठेल, असं मला खरंच वाटायचं. आई म्हणायची, "चाल की नीट, रस्ताच आहे तो."

होळी झाली की चौकातली माणसं माती उपसायची, फळ्या काढायची आणि हौद उघडा पडायचा. दगडी, चौकोनी, उंच माणूस उभा बुडेल इतका खोल. आम्ही त्याला रहाड म्हणतो. नाशिकबाहेर हा शब्द काढला की लोक तोंडाकडे बघत राहतात. इतर गावं धुळवडीला रंग खेळून मोकळी होतात. आमच्याकडे धुळवड वीरांची. त्या दिवशी घरोघरचे वीर, म्हणजे देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक, वाजतगाजत गंगेवर जायचे, लहान मुलं देवांची सोंगं घेऊन मिरवायची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, त्यावरून कुणी वाद घालू नये. रंग मात्र रंगपंचमीला, आणि तो रहाडीतच. त्या दिवशी उडी मारायची ती अशी, की पाण्याचा धप्प आवाज झाला पाहिजे आणि काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. त्याला धप्पा म्हणायचे. धप्पे पुरुषांनी मारायचे, आम्ही बायकापोरींनी खिडक्यांतून बघायचं. याचा मला तेव्हाही राग होता आणि आताही आहे.

दर चौकाचा रंग ठरलेला. आमची रहाड पिवळी. गंगेपलीकडे पंचवटीतली गुलाबी. फुलं मोठ्या कढयांत रात्रंदिवस उकळत, त्याचा वास घरातल्या अंथरुणांनासुद्धा येई. तो रंग आठ दिवस जायचा नाही. साबण लावा, डाळीचं पीठ लावा, कानामागे आणि नखांत तो बसलेलाच. त्यामुळे माणूस कुठे जाऊन आला हे विचारावं लागायचं नाही. शेजारचे एक गृहस्थ "डोकं दुखतंय, पडून राहतो" म्हणून बाहेर पडले आणि गुलाबी होऊन घरी आले. त्यांच्या बायकोनं पुढे कितीतरी दिवस डोकं कसं आहे म्हणून विचारलं.

बाबा आणि मोठे काका पहिला धप्पा हातात हात घालून मारायचे. लहानपणापासून. काका बाबांहून सहा वर्षांनी मोठे. बाबांना पोहता येत नव्हतं तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला, तो पुढे पोहता यायला लागल्यावरही सोडला नाही. घरात नियमच होता तो, वर्षाचा पहिला धप्पा आपल्या रहाडीत आणि दोघांनी मिळून. त्यानंतर कुठे जायचं तिकडे जा.

मग काकांनी पंचवटीत पूजेच्या सामानाचं दुकान घातलं, वरच राहायला जागा मिळाली, आणि काका, काकू, माझी चुलत ताई पलीकडे गेले. पलीकडे म्हणजे किती, तर चालत वीस मिनिटं. त्या वर्षीच्या रंगपंचमीला बाबा खाली काठावर जाऊन उभे राहिले. लोकांनी ओढलं, पाणी उडवलं, बाबा म्हणाले, "थांबा रे, दादा येतोय." मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. खिडकीतून मला बाबांचा पांढरा सदरा दिसत होता, पिवळ्या माणसांच्या घोळक्यात तो एकच पांढरा. दुपार गेली, ऊन उतरलं, माणसं पांगली. काका आले नाहीत. बाबा कोरडेच वर आले आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी काका आले ते गुलाबी, हसतहसत, पेढ्यांचा पुडा घेऊन. नव्या शेजाऱ्यांनी उचलूनच नेलं म्हणे, नाही कसं म्हणायचं, आणि मग दिवस कुठे गेला कळलंच नाही. बाबा म्हणाले, "बरं झालं. तू आता तिकडचाच." काका म्हणाले, "अरे एवढं काय झालं? पोरकटपणा आहे हा तुझा." तो शब्द बाबांना फार लागला. त्यांनी पेढ्यांचा पुडा काकांच्या हातात परत दिला आणि आत निघून गेले. बस्स. तेवढ्यावरून दोन सख्खे भाऊ तीन वर्षं बोलले नाहीत. माझ्या घरातल्या पुरुषांना राग नाकावर आणि माफी पाताळात.

आई आणि काकूंनी मात्र आपला मार्ग काढला होता. बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठावर, मेथी निवडत दोघी एकमेकींना भेटायच्या. बाबा तेव्हा एकलहऱ्याला पॉवर स्टेशनात असायचे, त्यांची पाळी कुठली हे आईला तोंडपाठ. मी पिशवी धरायला म्हणून जायचे आणि खरं तर ताईसाठी जायचे. ताई काकांची एकुलती एक मुलगी, आमच्याच घरात वाढलेली. तिला सायकल बाबांनी शिकवली, पाढे बाबांनी पाठ करून घेतले. माझ्याआधी बाबांची मुलगी तीच होती.

मी अकरा वर्षांची झाले त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. मुलगा जळगावकडचा, लग्न वैशाखात. साखरपुड्याला बाबा गेले नाहीत, पाळी आहे म्हणाले. नंतरच्या बुधवारी ताईनं मला बाजाराच्या गर्दीतून बाजूला, घाटाच्या पायऱ्यांवर नेलं. पाणी संथ होतं, लोकांनी सोडलेले दिवे कडेला लागून विझले होते. ती म्हणाली, "तुझे बाबा आले नाहीत तर लग्न काही अडणार नाही. पण मी मंडपात सगळा वेळ त्यांनाच शोधत राहीन. मला तसं जायचं नाही इथून." ताई रडणाऱ्यांतली नव्हती.

आईनं आडून आडून विषय काढला. बाबा म्हणाले, "तो मोठा आहे. त्यानं यावं." तिकडे काका काकूंना म्हणत होते, "पेढे त्यानं परत केले. त्यानं यावं." दोन्हीकडचे निरोप मेथीच्या जुड्यांबरोबर इकडून तिकडे जात होते आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

रंगपंचमी आली. सकाळपासून चौकात ताशा, कढयांची वाफ, आणि त्या वाफेत सगळं थोडं हलणारं, धुरकट. दुपारी पूजा झाली आणि धप्पे सुरू झाले. बाबा जुना सदरा घालून खाली गेले, एकट्यानंच उडी मारली, पिवळे होऊन पाण्याबाहेर आले. गेली दोन वर्षं ते असंच करत, उरकून टाकल्यासारखं. नंतर गर्दीत ते मला दिसेनासे झाले.

मी खिडकीच्या गजांना कपाळ लावून बसले होते. ऊन इतकं होतं आणि पिवळा इतका, की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पिवळंच दिसायचं. ताशा लांब गेल्यासारखा वाटला, मग जवळ आला. माझा डोळा लागला असावा. कारण पुढचं मला आजही स्वप्नातलंच वाटतं. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा होता, नखशिखांत पांढरा. धोतर पांढरं, सदरा पांढरा, अंगावर एक थेंब नाही. ते काका होते.

खिडकीखाली येऊन त्यांनी वर बघितलं. तीन वर्षांनी. "बाबा आहेत का गं घरात?"

"खाली गेलेत. रहाडीतच असतील."

काकांनी आमच्या पायरीशी चपला काढल्या, रहाडीला हात जोडले, आणि थांबले. एकेका चेहऱ्याकडे बघू लागले. पण तिथे सगळेच चेहरे पिवळे, सगळेच सारखे. लोकांनी त्यांना ओळखलं, ओढलं, आणि काकांनी उडी मारली. वर आले, पुन्हा शोधू लागले. मग समोरच्या ओट्यावर जाऊन बसले. किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. ओट्यावरचं ऊन भिंतीवर चढलं एवढं आठवतं. मला खाली धावत जायचं होतं, पण रंग संपेपर्यंत पोरींनी उंबरा ओलांडायचा नाही असा दंडक. मी बसून राहिले, आणि काका बसून राहिले, आणि बाबांचा पत्ता नाही.

शेवटी ते उठले. खिडकीखाली येऊन म्हणाले, "मी आलो होतो हे सांगू नकोस हं पोरी. त्याला वाटेल, लग्न आहे म्हणून मागे लागलोय." पिवळ्या पायांनी चपला घातल्या आणि गेले. आई मागच्या खोलीत होती, तिला काहीच कळलं नाही.

अर्ध्या तासानं जिना वाजला. दारात बाबा. मी बघतच राहिले. बाबा पिवळे नव्हते. पिवळ्यावर गुलाबी चढलं होतं आणि ते सगळे शेंदरी झाले होते, केसांपासून टाचांपर्यंत. आईनं त्यांच्याकडे एकदा बघितलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी पाहिलं. तोंडानं मात्र ती एवढंच म्हणाली, "पाणी काढते."

बाबा मोरीत बसले आणि अंग खसाखसा घासू लागले. घासता घासता बोलत होते, आमच्याशी नाही, बादलीशी. "गेलो होतो. त्यांच्या रहाडीत उतरलो, सगळ्या लोकांदेखत. म्हटलं, आपण लहान आहोत, आपण वाकावं. तर हा नाही. वहिनी म्हणते, दुपारपासून घरात नाहीत, कुठे गेलेत माहीत नाही. मी येणार असं कुणीतरी सांगितलं असेल त्याला. टाळलं त्यानं मला. संपलं आता. लग्नाचं नाव काढायचं नाही या घरात."

मला घाटावरची ताई दिसली. काकांना मी "नाही सांगणार" असं म्हटलं नव्हतं, नुसती मान हलवली होती. मान हलवणं म्हणजे वचन की नाही, याचा मी विचार करत बसले असते तर बाबांनी घासून घासून स्वतःचं कातडं सोलून काढलं असतं. मी म्हटलं, "बाबा, काका इथं आले होते. तुम्हाला शोधत. ओट्यावर बसून होते."

घासणं थांबलं. बाबांनी विचारलं, "आला तेव्हा गुलाबी होता?"

"नाही. पांढरे होते."

"कोरा?"

"कोरे. पहिली उडी इथंच मारली त्यांनी."

बाबा तसेच उठले, अंगावरून शेंदरी ओघळ वाहतायत, आणि दाराकडे निघाले. आई आडवी आली. "कुठे निघालात? तुम्ही तिकडे जाल आणि ते इकडे येतील. दिवसभर तेच चाललंय. आता गप घरात बसा. घरी पिवळे होऊन गेलेत ते. वहिनींनी बघितलं असेल, तुम्ही येऊन गेलात तेही सांगितलं असेल. येतील." बाबांनी आयुष्यात आईचं ऐकलं असे प्रसंग थोडे. त्या दिवशी ऐकलं. पंचा गुंडाळून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले.

दिवेलागणीला काका आले. पिवळे, आणि मागे ताई. तिच्याकडे बघायची कुणाची छाती नव्हती. काका जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबले, बाबा वर. बाबा म्हणाले ते तिरकंच, "आला होतास तर थांबायचं होतंस."

काका म्हणाले, "थांबलो होतो रे. त्या वर्षी तू थांबलास तितका वेळ नाही थांबता आलं मला. तू कसा थांबलास दिवसभर?"

बाबा खाली उतरून गेले आणि काकांचा हात धरला. पिवळा हात शेंदरी हातात. मग मागे उभ्या असलेल्या ताईकडे बघून म्हणाले, "लग्नाला रजा घेतलीय मी. आठ दिवस. अर्ज होळीच्या आधीच दिलाय."

ताई मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण आधी आला तो संताप. महिनाभर मी आणि आई जीव मुठीत धरून होतो, घरात जेवण गोड लागत नव्हतं, आणि हे अर्ज देऊन मोकळे. आई दारातून म्हणाली, "आणि मला कधी सांगणार होतात?"

बाबा म्हणाले, "त्यानं बोलवल्यावर."