पूजासाठी घराचा सिनेमा

आमच्या घरात कुणालाही साधं बसता-उठता येत नाही, हे मला मोबाईलवर शूटिंग सुरू केल्यावर कळलं.

आमची एकुलती एक लेक पूजा नर्सिंगला लातूरला निघाली होती. तिथं घराची आठवण आली की बघायला, म्हणून मी रोजचं घर टिपायचं ठरवलं. भाकरी थापल्याचा आवाज, आईचं पान कुटणं, दारातली शेळी. (यात सौंदर्य असतं असं माझं मत. घरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं!)

"नेहमीसारखी भाकरी थाप," मी बायकोला म्हणालो. सुनीता आत गेली आणि नथ घालून आली!

"अगं, रोज नथ घालून थापतेस का?"

"रोज कोण बघायला येतंय?"

आई तर मोबाईल दिसला की आधार कार्डावरच्या फोटोसारखी ताठ.

"आई, हाल की जरा!"

"मग फोटू हालंल की रं!"

शेळी तेवढी सहज वागली. तिनं चार्जरची वायर खाल्ली.

पूजा निघायच्या आदल्या दिवशी माझी मोठी बहीण आक्का धारूरहून आली. मी सगळ्यांना ऐटीत टीव्हीसमोर बसवलं. (सगळे तुकडे न बघताच पेनड्राइव्हवर टाकले होते. वेळ कुठं होता!) मधेच एक भलताच तुकडा लागला. मोबाईल फ्रीजवर ठेवून मी दुकानात गेलतो, तो बंद करायचाच राहिला होता! पडद्यावर आई आणि सुनीता मेथी निवडत होत्या.

"आत्याबाई, आक्कांची पुरणपोळी म्हंजी किल्ल्याचं दार हाय. आतलं पुरण हाताला लागतच न्हाई!" सुनीता सासूला सांगत होती.

"हळू बोल गं, धारूरला ऐकू जाईल," आई खुदखुदली.

धारूर आमच्या सोफ्यावर बसलं होतं! मी घाईनं रिमोट दाबला. आवाज वाढला.

"पोरगी गेल्यावर लई सुनं वाटंल गं," पडद्यावरची आई म्हणाली. सुनीता निवडलेली मेथी पुन्हा न निवडलेल्या ढिगात टाकत राहिली. आईनं तीच मेथी गुपचूप परत निवडायला घेतली.

आक्का उठली. आता ही पिशवी उचलणार, असं मला वाटलं. ती सुनीताजवळ जाऊन बसली.

"दार तर दार. पण एकटीच कशाला झुरतीस? मला फोन करावा की!"

सुनीता हसता हसता रडायला लागली.

पूजा नाक पुसत म्हणाली, "पप्पा, मला एवढंच पाठवा. बाकीचं राहू द्या."

महिनाभर खपून काढलेल्या सिनेमातला तो एकच बघण्यासारखा प्रसंग, आणि तो घडला तेव्हा दिग्दर्शक किराणा दुकानात साबणाचा वास घेत उभा होता!