कुशाबाईचं पुढचं दार आठ दिवस बंद

कुशाबाईला गावात कोणी भांडखोर म्हणत नसे, कारण तेवढी छाती कोणाची नव्हती. बाई मनानं मऊ. फक्त "माझं चुकलं" हे दोन शब्द तिच्या तोंडात घालायचे देव विसरला होता. तिच्या पाठच्या भावाच्या, सोपानच्या तोंडातही विसरला होता. दोघं एकाच आईची, दुसरं काय व्हायचं?

सोपानच्या गावी, निमगाव साव्याला, त्याच्या मुलीचं लग्न होतं तेव्हा कुशाबाई भर पंगतीत म्हणाली, "आमटीत मीठ न्हाई." आमटी सोपानच वाढत होता. तो म्हणाला, "मग नको खाऊ." ती पानावरून उठली ती थेट एसटीत जाऊन बसली. तेव्हापासून अबोला. दर भाऊबीजेला ती ताट घेऊन दारात यायची आणि पाठीला भाऊच नसल्यासारखी चंद्राला ओवाळायची. ओवाळता ओवाळता चंद्रालाही दोन शब्द सुनवायची.

कारगिलची लढाई झाली त्या साली दिवाळीत निरोप्या आला. सोपानच्या नातवाचं लग्न ठरलं होतं, पत्रिका कोणाच्या तरी हाती धाडतो म्हणे. कुशाबाईनं निरोप्याला चहा पाजला आणि सांगितलं, "बहिणीला लग्नाला न्यायला भावानं जातीनं यायचं असतं. सोपान सोता आला, पुढच्या दारानं आला, तर येईन. न्हाईतर मी हितं बरी हाय."

एवढं ताठ बोलली, पण निरोप्या वळल्याबरोबर नातीला, प्राचीला म्हणाली, "येईल का गं तो?"

तुळशीचं लग्न लागलं. आता लग्नाचे दिवस सुरू, सोपान कधीही येईल, म्हणून ती रोज दारात दुप्पट रांगोळी घालायला लागली. आणि नेमकी दवंडी देणाऱ्या सावळेरामची हलगी वाजली.

"ऐका होऽ! उद्या खालच्या आळीत सिमेंटचा रस्ता पडनार! आठ दिवस मानूस, बैल, सायकल, कायबी घालायचं न्हाई! मागच्या दारानं जावा! तुळशीच्या लग्नाचे केळीचे खुंट, उसाचं पाचट वढ्यात टाकायचं न्हाई! रस्ता वला ठेवाया बारदान कमी पडतंया, परवापासून त्यावर आनून टाकायचं होऽ!"

पंचायतीची दवंडी एवढीच होती. पण सावळेरामला नेमून दिलेलं तेवढंच बोलून कधी चैन पडलं नाही. त्यानं पदरचं जोडलं, "दाराचे हार, फुलं बी टाका! रस्त्याचं बी लगीन लागू द्या!"

कुशाबाईनं त्याला दारातच धरलं. "सावळ्या, आठ दिवस? आन माझा भाऊ आला मंजी?"

"येतील की मागच्या दारानं."

"गोठ्यातनं? न्यायला आलेल्या भावाला शेनातनं आनू?"

"मग हेलिकॉप्टर सांगा, मावशी. मला कशाला इचारता?"

रस्ता पडला. दुसऱ्या दिवशी उजाडता कुशाबाई सवयीनं शेणसड्याची बादली घेऊन बाहेर आली, तर सावळेराम समोरून असा ओरडला की बादली उंबऱ्यातच सांडली. मग तिनं दार लावून घेतलं. सून होऊन आली तेव्हापासून तिचं दार सड्यावाचून राहिलं नव्हतं. दारात सडा नाही म्हणजे घरात सुतक, असंच तिच्या डोक्यात बसलेलं. दिवसभर तिला काही सुचलं नाही.

आळीनं मात्र दवंडी मनावर घेतली. उसाची कांडी पोरांनी खाल्ली होती, शेंड्याचे हिरवे वाढे म्हशींनी. उरलेलं पाचट, केळीचे खुंट आणि झेंडूचे सुकलेले हार रस्त्यावर पडले. केळीच्या पानांना शेळ्या येऊ लागल्या, म्हणून आळीच्या तोंडाशी म्हातारी माणसं राखण करत बसली. सावळेराम त्यांच्यात काठी घेऊन होता, पण शेळ्यांवर ओरडून ओरडून त्याचा आवाज पार बसला होता.

अशात सोपान आला. नवं धोतर, फेटा, हातात पिशवी. पुढचं कुशाबाईला नंतर लोकांनी सांगितलं. तो आळीच्या तोंडाशी थांबला. वाटभर झेंडूची फुलं. बहिणीचं दार बंद, सडा नाही, रांगोळी नाही. म्हातारी माणसं गपचूप बसलेली. सोपाननं घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, "कुशाआक्का?"

सावळेरामला सांगायचं होतं, इकडून जाता येत नाही. आवाज फुटेना. त्यानं रस्त्याकडं बोट केलं आणि जड मान नाही नाही अशी हलवली.

सोपान मटकन खाली बसला आणि त्यानं हंबरडा फोडला.

तिथंच असलेली प्राची बोळातून मागच्या दारी धावली. "आजी! मामाआजोबा रडतायत! तू गेलीस म्हणून!"

"मी?" कुशाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. मग तिनं पदर खोचला, पाय न वाजवता पुढच्या दाराशी गेली आणि फटीला कान लावला.

"अगं, दार उघड ना!"

"थांब. काय म्हनतोय ते आयकू दे."

"आक्केऽ," सोपान रडत होता, "मला वाटलं लई दिस हायेत गं! आमटीत मीठ नव्हतंच गं, आक्के! आचारी इसरला व्हता! मला ठावं व्हतं!"

कुशाबाईनं कडी काढली. दारात उभी राहिली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "मग तवाच का न्हाई म्हनला, मुडद्या?"

सोपाननं वर बघितलं. आधी पांढरा पडला, मग लाल. आळी खदखदून हसली. तसा तो ताडकन उठला, धोतर झटकलं आणि पिशवी उचलली.

"जित्ती हायस तर ऱ्हा. मी चाललो."

मध्ये ओला रस्ता, पलीकडं पाठ फिरवलेला भाऊ. कुशाबाई सगळा ताठा सोडून ओरडली, "सोपाना! जाऊ नगंस! मागनं ये. गोठ्यातनं ये, पर ये!"

तो थांबला. पाठमोऱ्यानंच फेटा नीट केला. मग वळून बोळात शिरला.

गोठ्याचं छप्पर ठेंगणं. सोपाननं मान वाकवली, पण फेट्याला वाकायची सवय नव्हती. तो वाशाला अडकला आणि म्हशीच्या पुढ्यात पडला. म्हशीनं हुंगून बघितला. कुशाबाई पदर तोंडाला लावून हसत होती, की रडत होती, प्राचीला कळेना.

"हास," सोपान बोडक्यानं म्हणाला. "मघाशी मेली व्हतीस तवा बरी व्हतीस."

"बस. च्या टाकते."

त्यानं पिशवीतून पत्रिका काढून पुढं धरली.

"मला कुठं वाचाया येतं?" कुशाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली. "तोंडानं सांग."

सोपाननं घसा खाकरला. म्हशीकडं बघितलं, प्राचीकडं बघितलं.

"आक्का," तो म्हणाला, "न्यायला आलोय. चल."

"साखर किती घालू?" कुशाबाईनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता प्राचीला म्हणाली, "माझं इरकल लुगडं काढ गं. आन निमगावला जायाला आळेफाट्याची गाडी कवा हाय, बघ."