दुबईचा चढ

आमच्या कुडपणहून खालच्या गाडीरस्त्याला उतरायला तास लागायचा आणि परत चढायला अडीच. त्यामुळे गावात अंतर किलोमीटरमध्ये कुणी विचारत नसे. उतरायचंय की चढायचंय, एवढंच विचारायचे.

दादाला दुबईत बांधकामावर नोकरी लागली ती नव्वदीच्या दशकात. मी तेव्हा महाडच्या कॉलेजात, म्हणजे घरात सगळं कळणारी मीच. महाडच्या एजंटाने विमानाच्या जाण्यायेण्याच्या वेळा कागदावर लिहून दिल्या होत्या. मुंबईहून दहाला निघून दुबईला साडेअकराला. येताना दुबईहून दहाला निघून मुंबईत अडीचला.

कागद वाचून मी चिडले. अंतर तेच, विमान तेच, मग जाताना दीड तास आणि येताना साडेचार? एजंट चुकला असणार. बाबा मात्र निवांत.

"चूक कसली गो? जाताना उतार हाय, येताना चढ."

"विमानाला कसला चढ, बाबा?"

"यष्टीला लागतो. विमान काय देवाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी मी डोंगर उतरून महाडला भांडायला गेले. एजंटाने हसत सांगितलं की दोन्ही वेळा तीनच तास लागतात, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सूर्य तिथे उशिरा उगवतो. मी परत डोंगर चढून आले आणि धापा टाकत घरात सगळं समजावलं.

बाबांनी नीट ऐकून घेतलं. "सकाळी ऊन आधी कुठं येतं? आपल्या माळावर. खाली पोलादपुरात मागनं. म्हंजे दुबई खालीच हाय."

एवढं शिकून मी बाबांपुढे हरले, हे आजही झोंबतं.

आईला असल्या हिशोबाशी देणंघेणं नव्हतं. गावातली किती घरं मुंबईला गेलेल्या पोरांची वाट बघत होती, ते ती रोज बघत होती. ती चुलीपुढून म्हणाली, "उतरलेली पोरं परत चढत नायत."

दादा निघाला तेव्हा बाबा त्याला एवढंच म्हणाले, "येताना कळव. सामोरा येतो." आमच्याकडे ओझं घेऊन चढणाऱ्याला घरचं माणूस अर्ध्या वाटेवर सामोरं जातं आणि ओझं घेतं.

दोन वर्षांनी ठरलेली सुट्टी दादाने पुढे ढकलली. आईने दिवस मोजणं सोडलं. तिसऱ्या वर्षी पत्र आलं, येतोय म्हणून.

बाबा मला घेऊन मुंबईच्या विमानतळावर सकाळी दहालाच हजर. विमान अडीचला येणार, तोवर बसू या, असं मी म्हटलं.

"पोरगा आता निघाला आसंल. तो चढतोय नि आपण बसायचं?"

खरं तर विमान सुटायलाही अजून दीड तास होता, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. साडेचार तास बाबा उभे राहिले आणि मलाही उभं ठेवलं. माझ्या पायांचे तुकडे पडले.

दादा बाहेर आला तो गालफडं बसलेला, हातात भली मोठी बॅग. बाबांनी ती ओढून घेतली आणि सरळ डोक्यावर ठेवली.

"दमलास काय रे?"

तीन तास गादीच्या खुर्चीत बसून, कोंबडी खाऊन आलेला माणूस. मला वाटलं, आता हसेल.

"दमलो, बाबा," तो म्हणाला आणि तिथेच, भर गर्दीत, रडायला लागला.

बाबांनी एका हाताने बॅग सावरली, दुसऱ्याने त्याचं मनगट धरलं.

"चल. आता थोडाच चढ ऱ्हायलाय."