ईस्टरच्या सोमवारचं पाणी

परदेशात, चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये माझ्यासोबत राहणाऱ्या पोलिश मुलीनं ईस्टरच्या रविवारी संध्याकाळी विचारलं, "झोपताना लॅपटॉप कुठे ठेवतेस? दाराला कडी लावतेस का?"

माझं सगळं संशोधन त्या लॅपटॉपमध्ये होतं. मी काहीतरी पुटपुटले, खोलीत जाऊन तो कपाटात कुलूपबंद केला आणि कडीही लावली.

सकाळी दार उघडलं, तर ती पाण्याचा जग घेऊन दबा धरून उभी. मी नखशिखान्त भिजले.

"आमच्याकडे ईस्टरच्या सोमवारी एकमेकांना भिजवतात," ती हसत म्हणाली. "लॅपटॉपवर पाणी नको पडायला, म्हणून विचारलं होतं. मला भिजवणारं इथे कुणी नाही गं."

तरी मी आधी कपाट तपासून आले. मग सिंकवर पेला भरला. ती पळाली नाही. डोळे घट्ट मिटून उभी राहिली.