आमचं मेटल, त्यांचं भंगार

असे किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपसूक अंगावर येऊन पडतात. विश्वास बसत नसेल तर बाजाराच्या दिवशी काळा टी-शर्ट घालून, डोळ्यांत जाड काजळ भरून सिरसाळ्यातून एकदा चालून दाखवा!

आम्ही तिघं. प्रमोद, इम्रान आणि मी, मनीषा. तिथल्याच एका सहकारी दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर कामाला. प्रमोद मेटलवाला : लांब केस, छातीवर कवटी. इम्रान इमो : केसांची झालर एका डोळ्यावर. आणि मी गॉथ : नखशिखांत काळी. मेटल, इमो, गॉथ ही इंग्रजी रॉक गाण्यांची घराणी; आम्हाला ती गाणी आवडायची म्हणून तसले कपडे. आमच्यासाठी विषय तिथंच संपायचा. लोकांचा मात्र नाव ऐकलं की सुरू व्हायचा!

* * *

परळी रेल्वे स्टेशनवर हवालदारानं प्रमोदला अडवलं. "हे केस कावून वाढवलेस बे?"

"साहेब, मी मेटलवाला हाय."

झालं! त्याच आठवड्यात कुठूनतरी लोखंड चोरीला गेलेलं. प्रमोद थेट चौकीत.

"बोल, कुठलं मेटल? तांबं का लोखंड?"

"हेवी मेटल, साहेब."

"हेवी? म्हंजी ट्रक बी हाय तुझ्याकडं!"

मी आणि इम्रान सोडवायला गेलो. काही केल्या पटेना, तेव्हा मोबाईलवर गाणंच लावलं. साहेबांनी कानांवर हात ठेवले. "बंद कर! ह्यापरीस चोरी परवडली."

सोडताना म्हणाले, "आधी केस काप." प्रमोदनं कापले नाहीत. अजून नाही!

* * *

'इमो'चं लोकांनी 'इमू' केलं. इमू पक्षी पाळायच्या धंद्यात हात पोळलेले एक काका केंद्रावर आले आणि त्यांनी इम्रानची कॉलरच धरली. "तूच का तो इमूवाला?"

"काका, इमू न्हाई, इमो. ज्याला मनातलं दुःख लपवता येत नाही ना, तो."

काकांनी हळूहळू कॉलर सोडली. शेजारच्या कॅनवर बसले. म्हणाले, "मग मी बी इमोच की रं!"

* * *

दुष्काळात आम्ही चारा छावणीवर दूध घ्यायला जायचो. "ह्या मॅडम गॉथ हायत," असं कुणीतरी सांगितलं आणि सरकारी गोठा योजनेच्या मॅडम समजून बायांनी मला घेरलं. "मॅडम, आमचा गोठा कधी मंजूर व्हनार?"

आम्ही लई हसलो. पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. काळ्या कपड्यांतली पोरगी दुधाला हात लावते म्हणून जनावरं आटली, अशी आवई उठली. पाऊसही म्हणे मीच अडवलाय! लोक माझ्याकडं दूध घालेनात.

चेअरमननी बोलावून घेतलं. "मनीषा, उद्यापासून साधे कपडे घालून ये, न्हाईतर येऊ नको."

मी बोलले, "साहेब, संक्रांतीला तुमच्या घरच्या समद्या बाया काळ्या साड्या नेसल्या हुत्या. त्यांना बी घराबाहेर काढलं का?"

दुसऱ्या दिवशी मी काळंच घालून गेले. कितीतरी दिवस माझ्यासमोर कुणी उभं राहिना. मग एका सकाळी छावणीतली एक म्हातारी कॅन घेऊन आली. "घे बाई दूध. माझी म्हस बी काळीच हाय."

* * *

आणि हा किस्सा आमच्या घरचा. शिरूर कासारला, माझ्या गावी, मला बघायला पाहुणे आले होते. आई-आप्पा ऊसतोडीवरून नुकतेच परतलेले. मी काळी साडी नेसले होते. मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी कसल्या गॉथ का फॉथ टोळीत हाय म्हनं. चांगल्या घरच्या पोरी असलं ऱ्हात्यात व्हय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं हातानंच थांबवलं.

"उसाच्या पानानं अंग चिरतंय, म्हनून मी उभा जलम लुगड्यावर गड्याचा शर्ट घालून ऊस तोडला," ती म्हणाली. "तवा एकानं बी इचारलं न्हाई, बाई, ही कुठली फॅशन."

मग उठली. आत जाऊन माझी काळी लिपस्टिक घेऊन आली. आरसा नाही, काही नाही, तशीच ओठांवरून फिरवली. थोडी गालालाही लागली. पदर नीट केला आणि आत्याबाईंच्या अगदी समोर येऊन बसली.

"हं. चहा साखरेचा करू का गुळाचा?"