अर्ध्या गाण्यासाठी बंगलोर

लोक बंगलोरला बागा बघायला जातात, हवा खायला जातात. मी एका गाण्याचे शब्द आणायला गेलो होतो. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा सगळे बंगलोरच म्हणायचे, म्हणून मीही तेच लिहितो.

त्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, उजवा हात थोडाफार सावरला, बोलणं मात्र गेलं. तिला समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. जिच्या जिभेला आमची अख्खी सोसायटी वचकून असायची, ती आता पाणी हवं असलं तर भांडं वाजवायची. फक्त दुपारी, दोरीवरून काढलेले कपडे कॉटवर येऊन पडले की त्यांच्याकडे बघत ती एक चाल गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसती चाल. एक ओळ झाली की थांबायची, मग पुढची ओळ, परत थांबायची. आम्हाला वाटायचं, बिचारीला दम लागतो.

डॉक्टर म्हणाले, "कधीकधी गाण्यातले शब्द आधी परत येतात. हे गाणं शोधून काढा आणि त्यांच्याबरोबर म्हणत जा. नक्की काही सांगता येत नाही, पण करून बघा."

आमच्या घरात गाण्यांना तोटा नव्हता, आणि प्रत्येकाला काही ना काही चिकटलेलं होतं. बाबा दाढी करताना म्हणायचे ते एक. माझी बायको नीला पहिल्यांदा घरी आली तेव्हा शेजारच्या रेडिओवर चालू होतं ते एक. एक तर असं होतं, की ते लागलं की आईची भाजी हमखास करपायची. पण ही चाल त्यातली कुठलीच नव्हती. आईचं माहेर बंगलोरचं, चिकपेटेतलं, कित्येक पिढ्या तिथेच मुरलेलं मराठी घर. गाणं तिथलंच असणार. एसटीडी बूथवरून मामाला फोन लावून मी चाल गुणगुणली, तर पलीकडून मामा खेकसला, "कोण रे? काय पायजे?" बूथवाला माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच ठरवलं, प्रत्यक्ष जायचं.

निघण्यापूर्वी आईचं गुणगुणणं टेपरेकॉर्डरवर घेतलं. इथे माझा पुणेरी काटकसरीपणा कामाला आला, असं मला तेव्हा वाटलं. आई थांबली की मी बटण दाबून टेप थांबवायचो, ती सुरू झाली की परत सोडायचो. रिकामी टेप कशाला फिरवायची? तीन दुपारी खपून सलग, गुळगुळीत गाणं तयार झालं. नीलाला ऐकवून शाबासकीही मिळवली.

पुण्याहून दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी बंगलोरला पोचवते. साधा स्लीपर पुरतो. खिडकी मात्र आधी आरक्षण करून मिळवा, कारण सोलापूरनंतरची मोकळी काळी रानं बघण्यासारखी आहेत. डबा घरचाच घ्या. गाडीच्या आमच्या डब्यात संध्याकाळी गाण्यांच्या भेंड्या रंगल्या. समोरच्या आजोबांवर 'च' आला आणि ते चष्मा पुसू लागले.

"म्हणा ना काका, 'च'ची रग्गड गाणी आहेत," कोणीतरी म्हणालं.

"एक आहे, पण ते मी चारचौघांत म्हणत नाही. फक्त हिच्यासाठी म्हणायचो."

"म्हणायचो काय?" शेजारून आजी कडाडल्या. "मी इथेच बसलेय की!"

सगळा डबा हसला. आजोबांनी शेवटी ते गाणं आजींच्या कानात म्हटलं आणि भेंडी फुकट गेली. मी हसलो खरा, पण आईची फार आठवण आली. तीही अशीच कडाडली असती.

सकाळी स्टेशनाबाहेर पडलो तर उन्हाळ्यातही अंगावर शहारा आला. या शहरात एका कॉफीचे दोन पेले करून देतात, त्याला बाय-टू म्हणतात, आणि कोणी नाक मुरडत नाही. पुणेकराला याहून सभ्य गाव कुठे सापडणार? मी एकटा असल्यामुळे दोन्ही पेले मीच प्यालो. चिकपेट स्टेशनापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण हातात सामान असेल तर रिक्षा करा. रिक्षावाला स्वतःहून मीटर टाकतो हे बघून मला भरून आलं.

चिकपेटेत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला दुकानात शिरावं लागतं, आणि शिरलं की साडी घ्यावी लागते. मामाचं दुकान अशाच एका बोळात. सगळे त्याला अण्णा म्हणतात. पांढऱ्या गादीवर तो साड्यांच्या थप्प्यांना टेकून बसला होता.

"आलास की! कुसुम कशी हाय? बस, स्वल्प कॉफी घे."

मी टेप लावली. अण्णाने गिऱ्हाइकांना हातानेच गप्प केलं आणि कान लावून ऐकलं. आईचा आवाज ऐकून त्याचे डोळे भरले, पण मान मात्र नकारार्थी हलली.

"आवाज कुसुमचाच. गाणं काय आमच्या घरचं वाटत नाही बघ. देवाचं असेल? थांब, अक्काला विचार. त्या दोघी वरच्या माळ्यावर असायच्या, मी सगळा वेळ खाली दुकानात."

अक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी मावशी. ती येलहंकेला राहायची. गुडघ्यांमुळे तिला पुण्याला येता येत नव्हतं, आणि आजारपणानंतर बहिणींची भेटच झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मॅजेस्टिकच्या बस स्टँडवरून बस पकडली. तासभर लागतो, खिडकी धरा. हेब्बाळचं तळं मागे पडलं की शहर संपतं आणि द्राक्षांचे मांडव सुरू होतात. मध्येच डोक्यावरून हवाई दलाची विमानं इतक्या खालून जातात की नवखा माणूस मान खाली घालतो. मीही घातली.

मावशीने ती टेप तीनदा ऐकली. एकदा विमान आडवं आलं, म्हणून चौथ्यांदा ऐकली.

"नाही रे दिलीप," ती म्हणाली. "चाल ओळखीची वाटते, पण धरायला गेलं की पळते. एवढ्या भरभर आम्ही कधी म्हटलं नाही."

माझं अवसानच गळालं. अण्णाला माहीत नाही, मावशीला माहीत नाही, म्हणजे जगात आता फक्त आईला माहीत, आणि तिला सांगता येत नाही. मावशीने चित्रान्न वाढलं, लिंबू आणि शेंगदाणे घातलेला पिवळाधमक भात. मला गोड लागेना. जेवण झालं, ती भांडी आवरायला आत गेली आणि मी ओसरीवर बसून राहिलो. बसल्या बसल्या मीच ती चाल गुणगुणू लागलो. टेपवरची नव्हे, रोज दुपारी कानावर पडायची तशी. एक ओळ म्हटली आणि आई थांबायची तसा थांबलो.

आणि स्वयंपाकघरातून मावशीने पुढची ओळ म्हटली.

मी दुसरी ओळ गुणगुणलो, थांबलो. मावशीची ओळ आली. ओले हात घेऊन ती दारात येऊन उभी राहिली.

"परत म्हण," ती म्हणाली.

ते साड्यांच्या घडीचं गाणं होतं. दिवसभर गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या नऊवारी साड्या संध्याकाळी वर घरात यायच्या आणि या दोघी मुली त्यांच्या घड्या घालायच्या. एवढी लांब साडी एकटीने घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, काठ जुळवायचे, ताणायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. दोघींची पावलं एकदम पडावीत म्हणून हे गाणं त्यांनीच रचलं होतं. आई विचारायची, मावशी उत्तर द्यायची:

"काठाला काठ लाव गं अक्का."
"लावला बाई, ताण गं."
"चार पावलं चाल गं अक्का."
"चालत आले, धर गं."

मी मावशीला माझा बटण दाबण्याचा पराक्रम सांगितला. ती आधी हसली.

"अय्यो, माझाच वाटा कापलास की रे!" मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "लग्न होऊन ती पुण्याला गेली, मग माझ्यासमोर टोक धरायला कोण? अण्णाने नोकर ठेवला. तो मुकाट्याने घड्या घालायचा."

मला लाज वाटली. सात महिने आई थांबत होती ती कोणीतरी उत्तर देईल म्हणून, आणि आम्ही तिला दम लागतो म्हणून औषधं देत होतो. वर मी तिचं ते वाट बघणंच पुसून टाकलं होतं.

मावशीने ट्रंकेतून एक जुनी साडी काढली. गुडघे कुरकुरत असतानाही ती उभी राहिली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला घडी शिकवली. आईच्या माहेरच्या पुरुषांनी साड्या विकल्या, घडी कोणी घातली नव्हती. बारा वेळा चुकलो. मग टेपवर तिने आपल्या ओळी म्हटल्या. आईच्या ओळींच्या वेळी ती नुसते ओठ हलवायची. सवयीने माझं बोट बटणाकडे गेलं, तर तिने हातावर चापट मारली. "राहू दे. ती तिची जागा आहे."

बंगलोरात अजून दोन दिवस काढले. जाणार असाल तर बागेत सकाळी लवकर जा, साडी घ्यायची तर चिकपेटेत भाव करा, आणि परतीच्या गाडीत पांघरूण जवळ ठेवा. मी बागेत गेलो होतो, पण आता विचारलंत तर एक फूल आठवत नाही. मावशी शेवटी बसच्या खिडकीतून हात घट्ट धरून म्हणाली होती, "नाही बोलली तरी चालेल रे. तिला कळव, मला अजून येतं म्हणून." ते मात्र जसंच्या तसं आठवतं.

घरी पोचलो त्याच दुपारी नीलाने कपड्यांच्या ढिगातून आईची साडी काढली. एक टोक आईच्या डाव्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. टेप लावली.

"कुसुम, टोक धर," मावशीचा आवाज आला. मग टेप नुसतीच फिरत राहिली.

आईने टेपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. "काठाला," ती म्हणाली. जड, अर्धवट, पण शब्द. "काठ... लाव गं... अक्का."

"लावला बाई, ताण गं," मावशी म्हणाली.

आईने साडी ताणली. नीला रडायला लागली. माझ्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, तरी शिकल्याप्रमाणे मी पुढे चार पावलं चाललो. गाणं संपलं. आईने माझ्या हातातल्या घडीकडे नीट निरखून बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि गाण्याबाहेरचा, या सात महिन्यांतला तिचा पहिला शब्द मला ऐकू आला.

"तिरकी."

मी घडी मोडली आणि परत पहिल्यापासून टोक धरलं.